सात जणींचा तक्ता

मुल्ला मावशींनी पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "सिस्टर, वाचा की जरा. इंग्रजीत हाय."

बायकांच्या वॉर्डातला सकाळचा राऊंड नुकताच आटोपला होता. मी पाकीट फाडलं. हॉस्पिटलच्या कागदावर चार ओळी होत्या. आया श्रीमती तबस्सुम मुल्ला यांची प्रशासकीय कारणास्तव घाटापलीकडच्या उपकेंद्रात बदली करण्यात येत आहे, त्यांनी सोमवारी तिथे रुजू व्हावं.

मी मराठीत सांगितलं.

"तितं जायला किती वेळ लागतो?"

"एसटीनं दोन तास."

"म्हंजे जाऊन-येऊन चार. आन् ड्युटी आठ. नाझमीनला कोण बघणार?"

नाझमीन त्यांची थोरली मुलगी, तेवीस वर्षांची. तिला फिट्स यायच्या. सकाळची ड्युटी संपली की मावशी दोन वाजता हॉस्पिटलमागच्या गल्लीतल्या घरी जायच्या, तिला जेवायला घालायच्या, गोळी द्यायच्या. हॉस्पिटलात हे फक्त मला माहीत होतं. बाकी सगळ्यांना त्या सांगायच्या की पोरगी जरा अशक्त आहे, घरीच असते. मला सांगितलं, कारण मेंदूच्या डॉक्टरांची वेळ हवी होती. ती मी मिळवून दिली होती आणि तपासणीला सोबतही गेले होते.

"आमी चाळीस जणी हाय," मावशी म्हणाल्या. "मग मीच का?"

"विचारते साहेबांना. काहीतरी चूक झाली असेल."

मला खरंच तसं वाटलं होतं.

आमचं हॉस्पिटल एका ट्रस्टचं, दोनशे खाटांचं. मी तिथं अठरा वर्षं होते, त्यातली सात वॉर्डची इन्चार्ज म्हणून. त्या वर्षी आया लोकांच्या आठ तासांच्या तीन पाळ्या मोडून बारा तासांच्या दोन करायचं व्यवस्थापनानं ठरवलं होतं. आया तयार नव्हत्या. एकीनंही नव्या वेळापत्रकावर सही केली नव्हती, आणि त्यामागं मुल्ला मावशी होत्या. त्या भांडायच्या नाहीत. "आमाला जमनार न्हाई, साहेब," एवढंच म्हणायच्या आणि कामाला लागायच्या. बाकीच्या त्यांच्याकडं बघून नाही म्हणायच्या.

पारगावकर साहेब आमचे प्रशासक. एका कारखान्यातून दोन वर्षांपूर्वी आले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, माझं ऐकून घेतलं आणि हसले.

"तुम्ही विचारताय, सिस्टर?"

ड्रॉवरमधून त्यांनी एक बांधलेला अहवाल काढून माझ्यासमोर ठेवला. वर माझं नाव होतं. शैला आवळे. खाली विद्यापीठाचं नाव, आणि विषय: नेतृत्व, व्यूहरचना आणि बदल व्यवस्थापन.

"पान एकतीस," असं म्हणून त्यांनी ते स्वतःच उघडून वाचलं. इंग्रजीतलं ते वाक्य मराठीत असं होतं: आया वर्गात तबस्सुम मुल्ला यांचा शब्द चालतो. त्यांना काही काळ दूर ठेवल्यास उरलेल्यांचा विरोध दोन आठवड्यांत मावळेल. हा मार्ग जलद आहे.

"नेमकं लिहिलंय," ते म्हणाले. "दोन वर्षं शनिवारची सुटी दिली तुम्हाला, त्याचं चीज झालं."

"हे तुमच्याकडं कसं आलं?"

"विद्यापीठातल्या तुमच्या इंगवले सरांनी दिलं. गेल्या महिन्यापासून ते आपले सल्लागार आहेत. सांगितलं नाही त्यांनी?"

"मी दोन पर्याय लिहिले होते, साहेब. पहिला वाचा ना."

"वाचला. मुल्लांच्या घरची अडचण समजून घ्यावी, त्यांना वेळेची सवलत द्यावी. एकीला सवलत दिली की चाळीस जणी दारात उभ्या राहतील. आता तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला मी काय सांगणार?"

मी बाहेर आले. कॉरिडॉरमधल्या कूलरपाशी पाणी प्यायला थांबले आणि न पिताच वॉर्डात परतले.

विद्यापीठात जायची हौस माझीच. मेट्रनची जागा दोन वर्षांनी रिकामी होणार होती आणि त्यासाठी व्यवस्थापनाची पदवी लागणार होती. नोकरी करणाऱ्यांसाठी शनिवार-रविवारचा वर्ग होता. बँकेतले, साखर कारखान्यातले, वीज मंडळातले असे तीसेक जण. बायका आम्ही चौघी. हॉस्पिटलनं मला पाठवलं याचा मला केवढा अभिमान होता. डॉक्टर इंगवले आम्हाला नेतृत्व शिकवायचे. छान शिकवायचे, हे आजही नाकारत नाही. फळ्यावर तीन गोल काढायचे. बदलाच्या बाजूचे, कुंपणावरचे आणि विरोधातले. म्हणायचे, "माणूस विरोध का करतो हे ज्याला कळतं, तो नेता. वरवरचं कारण नको. खरं कारण शोधा."

मी शोधलं. माझ्यासमोर अठरा वर्षं रोज काम करणाऱ्या बायका होत्या, मला शोधायला लांब जावं लागलं नाही. विरोध करणाऱ्यांत सात जणी महत्त्वाच्या होत्या. मी त्या सात जणींचा तक्ता केला. नाव, वय, विरोधाचं खरं कारण, कोण कुणाचं ऐकतं, कशानं मन वळेल. सरांना विचारलं, "नावं बदलू का?" ते म्हणाले, "कशाला? अहवाल तुमच्या-माझ्यात राहणार. नावं बदलली की विश्लेषण खोटं वाटतं."

पहिल्या खर्ड्यात मी एकच पर्याय लिहिला होता, सवलतीचा. सर म्हणाले, "एकच मार्ग असेल तर ती व्यूहरचना नाही, ती इच्छा झाली. दुसरा लिहा." मग मी दूर ठेवण्याचा लिहिला. वाक्य होतं, 'हा मार्ग जलद आहे, पण अन्यायाचा आहे.' सरांनी उत्तरार्धाखाली पेन्सिलनं रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'मतप्रदर्शन नको.' मी ते शब्द खोडले. 'जलद आहे' पुढं पूर्णविराम दिला. त्या वेळी मला ते वाक्य जास्त चांगलं वाटलं होतं, आटोपशीर.

शनिवारी मी वर्गात बसलेच नाही. थेट सरांच्या खोलीत गेले. त्यांनी शिपायाला चहा सांगितला.

"चहा नको, सर. अहवाल तुमच्या-माझ्यात राहील म्हणाला होता."

"राहिलाच आहे. पण ज्या संस्थेनं तुम्हाला पाठवलं तिला प्रत पाहायचा हक्क असतो. प्रवेशाच्या फॉर्मवर तुमची सही आहे, मॅडम."

"तुम्ही आमच्या हॉस्पिटलचे सल्लागार झालात. ते तरी सांगायचं मला."

"त्याचा तुमच्या अभ्यासाशी संबंध नाही."

"त्या बाईची बदली झाली, सर. तिची मुलगी आजारी आहे. मी लिहिलं होतं ते. तुम्ही वाचलं होतं."

"वाचलं म्हणूनच सांगतो, उत्तम निरीक्षण आहे. तुम्हाला ए ग्रेड दिलीय मी." त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे बघा, आवळे मॅडम. बदल म्हटला की कुणालातरी त्रास होतो. तुम्ही वर्गात हेच शिकलात. उद्या मेट्रन व्हाल तेव्हा अशा दहा ऑर्डरी तुम्हाला काढाव्या लागतील. आयांच्या घोळक्यातून बाहेर या आता."

"अहवाल परत द्या माझा."

"तो आता विद्यापीठाचा आहे."

शिपाई चहा घेऊन आला. सरांनी आपला कप उचलला आणि दुसरा माझ्याकडं सरकवला. मी उठले. परतीच्या बसमध्ये सरांना काय काय म्हणायला हवं होतं ते सगळं सुचलं. एकेक वाक्य मी मनात इतक्यांदा म्हटलं की उतरताना माझा जबडा दुखत होता.

रविवारी मुल्ला मावशींच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. दारात त्यांची धाकटी यास्मिन कपडे वाळत घालत होती. ती एका शिवणाच्या दुकानात कामाला जायची. आता बहिणीजवळ थांबायला ते काम सोडावं लागणार हे उघड होतं. तिनं मला पाहिलं नाही. मी तिथूनच परत फिरले.

सोमवारी मावशी उपकेंद्रात रुजू झाल्या. त्याच दिवशी दुपारी दोनला, पाळी बदलताना, मी उरलेल्या सहा जणींना लिनन रूममध्ये बोलावलं. धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांवर त्या बसल्या. माझ्याकडं माझी प्रत होती. मी दार लावून घेतलं आणि उभी राहिले.

"मुल्ला मावशींची बदली माझ्यामुळं झाली," मी म्हणाले. "मी विद्यापीठात तुमच्याबद्दल लिहिलं होतं. ते साहेबांच्या हाती लागलं. काय लिहिलंय ते सगळं तुम्हाला कळलं पाहिजे. एक शब्द गाळणार नाही."

आणि मी वाचायला लागले. इंग्रजी वाक्य बघायचं, मराठीत सांगायचं. तक्त्यात मुल्ला मावशींचं पान पहिलं होतं, ते आधी वाचलं. मग हौसाक्का. 'निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. शेवटी कटकट नको म्हणून गप्प बसेल.'

हौसाक्का अठ्ठावन्न वर्षांच्या. तंबाखू मळता मळता थांबल्या.

"मी गप बसनार? तुझी पयली डिलिव्हरी झाली तवा रातभर पाठ कुनी चोळली गं?"

"तुम्ही, अक्का."

"तवा नव्हतं लिवलंस काय."

मी पुढचं वाचलं. 'हसीना शेख यांना स्वतःचं मत नाही. मुल्ला जे म्हणतील ते.' हसीनानं पदर सारखा केला आणि भिंतीकडं पाहत राहिली. मग मालन. ती सगळ्यांत लहान, अजून हंगामी. 'कायम करण्याचं आश्वासन दिल्यास बाजू बदलेल.'

मालनचा चेहरा उतरला. ती उभी राहिली, परत बसली.

"सिस्टर, परवा साहेबांनी मला बोलावलं होतं. कायम करतो म्हणाले. सही आधी कर म्हणाले. मी कुणाला बोलले न्हाई."

"केलीस सही?" हौसाक्कानं विचारलं.

"आज करनार होते."

हौसाक्का माझ्याकडं वळल्या. "फुडं वाच. समदं वाच."

मी उरलेल्या तिघींचंही वाचलं. एकीला सकाळचीच पाळी देऊन वळवायचं होतं, एकीला तिच्या चौकशीच्या जुन्या कागदाची आठवण करून देऊन. जे जे मी लिहिलं होतं, त्यातलं निम्मं गेल्या आठ दिवसांत पारगावकर साहेबांनी करायला घेतलं होतं. प्रत्येकीला वाटत होतं की आपल्याशीच गुपचूप बोलणं चाललंय. वाचून झालं तेव्हा त्या माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होत्या, ती मला अजून विसरता आलेली नाही. पण माझ्याही अंगात राग इतका होता की मी म्हणाले, "आता मला काय बोलायचं ते बोला, पण आधी त्यांच्याकडं चला."

त्या गेल्या. सहा जणी गेल्या आणि जिन्यापर्यंत पोचेस्तोवर पंचवीस झाल्या. मी सगळ्यांत मागं होते. हौसाक्कांनी पारगावकर साहेबांच्या टेबलावर वेळापत्रकाचा कागद पालथा ठेवला आणि सांगितलं, "यावर कुनाची सही हुनार न्हाई. तबस्सुमला म्हागारी बोलवा."

साहेबांनी अक्कांच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं. मला त्या क्षणी फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पाच दिवस ताणाताणी चालली. काम एकीनंही बंद केलं नाही, पण सही एकीनंही केली नाही. ट्रस्टच्या अध्यक्षांपर्यंत गोष्ट गेली. सहाव्या दिवशी बारा तासांचा विषय 'पुढील विचारासाठी' बाजूला ठेवल्याची नोटीस लागली आणि मुल्ला मावशींची बदली रद्द झाली.

त्या पाठोपाठ मला दोन कागद आले. एक हॉस्पिटलचा. माझी बदली, त्याच उपकेंद्रात. दुसरा विद्यापीठाचा, इंगवले सरांच्या सहीचा. संस्थेचा अंतर्गत दस्तऐवज अनधिकृत व्यक्तींसमोर उघड करून मी गोपनीयतेचा भंग केला आहे, तरी लेखी माफीनामा दिल्याशिवाय माझा निकाल जाहीर होणार नाही. गोपनीयतेचा भंग. मी ते शब्द चार वेळा वाचले. माझं घर तेव्हा दोन खोल्यांचं होतं. मी त्या खोलीतून ह्या खोलीत फेऱ्या मारत राहिले. नवऱ्यानं विचारलं, काय झालं, तर त्याच्यावरच ओरडले. ज्या बायकांबद्दल लिहिलंय त्या अनधिकृत, आणि त्यांच्या पाठीमागं ते वाचणारे अधिकृत. मी पत्राचे तुकडे केले, मग ते परत गोळा करून एका पाकिटात भरून ठेवले.

उपकेंद्रात जायच्या आदल्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला, मी मुल्ला मावशींच्या घरी गेले. त्या परत आल्यापासून आमची गाठ पडली नव्हती. मला काय वाटत होतं ते सांगते. मला वाटत होतं, त्या मला आत बोलावतील, हात धरतील. मी नोकरीतली बढती घालवली होती, पदवी घालवली होती. त्यांच्यासाठी.

मावशी दारात आल्या. ताटलीतला भात कालवत होत्या, हात तसाच होता. आत नाझमीन भिंतीला टेकून बसलेली दिसत होती.

"बदली झाली म्हनं तुमची," त्या म्हणाल्या.

"हो. तुमच्याच जागी."

"तितं पान्याचा तरास हाय. पिंप भरून ठेवत जावा."

"मावशी, मी ते लिहायला नको होतं. चुकलं माझं."

"हौसाक्का सांगत हुत्या. उभं राहून समद्यांम्होरं वाचलं म्हनं तुमी सोताचं. सोपं न्हाई म्हनाल्या." त्यांनी ताटलीकडं पाहिलं. "माझं पानबी वाचलं?"

"वाचलं. सगळं वाचलं. काही लपवायचं नाही असं ठरवलं होतं मी."

"नाझमीनचं?"

"हो."

"कुनाला इचारून?"

त्या दिवशी त्या उपकेंद्रात होत्या. तिथं फोन होता.

"हसीनाच्या नणंदेचा पोरगा," मावशी म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता. "यास्मिनचं त्याच्याशी ठरत आलं हुतं. साखरपुडाच ऱ्हायला हुता. बुधवारी त्यांचा निरोप आला. थोरलीला मिरगी हाय ते आधी का सांगितलं न्हाई म्हनून."

"मला माहीत नव्हतं, मावशी. यास्मिनचं काहीच माहीत नव्हतं मला."

"तुमाला कसं माहीत असनार. मी कुनाला सांगितलंच न्हवतं. नाझमीनचं तेवढं तुमाला सांगितलं हुतं."

"मला त्या लोकांचा इतका राग आला होता—"

"राग तुमचा हुता, सिस्टर," त्या म्हणाल्या. "घर माझं हुतं."

आतून नाझमीननं हाक मारली. त्या आत गेल्या, तिच्यासमोर बसल्या आणि तिला घास भरवू लागल्या. दार उघडंच होतं. मी थोडा वेळ उभी राहिले आणि निघाले.

याला आता अकरा वर्षं झाली. माफीनामा मी दिला नाही, त्यामुळं पदवी मिळाली नाही. पारगावकर साहेब आणि इंगवले सर, या दोघांवरचा राग अजून आहे आणि तो जावा असंही मला वाटत नाही. इंगवले सर पुढं विभागप्रमुख झाले. यास्मिनचं लग्न अडीच वर्षांनी झालं, कर्नाटकात लांब कुठंतरी दिली तिला. मला ते हौसाक्कांकडून कळलं.

मावशी निवृत्त होईपर्यंत उपकेंद्राची महिन्याची औषधं आणायला मी मुख्य हॉस्पिटलात जायचे, तेव्हा त्या भेटायच्या. थांबायच्या, नीट बोलायच्या. मी दर वेळी विचारायचे, "नाझमीन कशी आहे?"

"बरी हाय," त्या म्हणायच्या, आणि कामाला लागायच्या.